सुरीने जोडलेली मैत्री

सुरी किंवा कात्री एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देऊ नये, भांडण होते, असे तुमच्या आजीने तुम्हांला कधी ना कधी बजावले असेल. सुरी आधी जमिनीवर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची! सुरी भेट दिली की मैत्री तुटते, अशी समजूत युरोपातही आहे. आज मी तुम्हांला जी हकिकत सांगणार आहे ती नेमकी याच्या उलट आहे. एका बाईने न पाहिलेल्या माणसाला टपालाने एक छोटी सुरी पाठवली आणि त्या सुरीतून जन्मभर टिकलेली मैत्री निर्माण झाली. त्या मैत्रीतून सातशेहून अधिक पानांचे एक पुस्तक तयार झाले. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, त्या दोघींच्या पत्रांत पोलाद, पीठ, लोणी आणि अंडे यांचे विज्ञान पानोपानी भरलेले आहे.

हकिकत अशी. अमेरिकेत बर्नार्ड डीव्होटो नावाचे एक इतिहासकार होते. ‘हार्पर्स’ या मासिकात ते नियमाने एक सदर लिहीत. १९५१ सालच्या अखेरीस त्यांनी या सदरात एक तक्रार मांडली. बाजारात मिळणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या दिसायला चकचकीत असतात, गंजत नाहीत. पण त्यांना धार राहत नाही, मग त्यांचा उपयोग काय? हा लेख पॅरिसमध्ये राहणाऱ्या ज्यूलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंनी वाचला. त्यांना तो इतका पटला की १९५२ च्या मार्च महिन्यात त्यांनी डीव्होटोंना पत्र लिहिले आणि सोबत साध्या, गंजणाऱ्या पोलादाची एक लहानशी फ्रेंच सुरी पाठवून दिली.

पत्राचे उत्तर आले, पण ते बर्नार्ड यांचे नव्हते. त्यांच्या टपालाचे काम त्यांच्या पत्नी एव्हिस पाहत असत. आणि खरे सांगायचे तर सुरीबद्दलची मूळ तक्रारही त्यांचीच असणार, कारण घरात भाजी चिरणाऱ्या त्याच होत्या! एव्हिसबाईंनी बोस्टनजवळच्या केंब्रिज या गावाहून आभाराचे लांबलचक पत्र लिहिले. ज्यूलियाबाईंनी त्याला त्याहून लांब उत्तर लिहिले. पॅरिस आणि बोस्टन यांमध्ये सुमारे ५,५०० कि. मी. अंतर आहे; मध्ये सगळा अटलांटिक महासागर. त्यावरून ही पत्रे वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, पत्रमैत्री ही काय नवलाची गोष्ट आहे? नवल आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी त्याच केंब्रिज गावात त्याच सुमारास झालेले एक संशोधन पाहू. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या आवारात विवाहित विद्यार्थ्यांसाठी काही दुमजली इमारती होत्या. दर मजल्यावर ओळीने पाच बिऱ्हाडे. कोणाला कोणते घर मिळेल हे आवडीवर अवलंबून नव्हते. जागा रिकामी होईल तसे घर मिळे. लिऑन फेस्टिंजर, स्टॅन्ले शाख्टर आणि कर्ट बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी तेथल्या रहिवाशांना विचारले, की तुमचे सर्वांत जवळचे मित्र कोण? १९५० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. लगतच्या दाराचे शेजारी मित्र असण्याचे प्रमाण शेकडा ४१ निघाले. एक दार सोडून पलीकडे गेले की ते शेकडा २२ वर आले आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये अवघे शेकडा १०. या दोन टोकांमधले अंतर शंभर फूटसुद्धा नव्हते!

म्हणजे मैत्री ही बहुतेक वेळा पायांनी होते. जिन्यात भेट होते, दूधवाला एकच असतो, साखर उसनी मागितली जाते, आणि एक दिवस आपल्या लक्षात येते की हा आपला मित्र आहे. तुमच्या वर्गातला तुमचा सर्वांत जवळचा मित्र पहिल्या दिवशी कोणत्या बाकावर बसला होता, हे आठवून पाहा. मग जिथे शंभर फुटांनी इतका फरक पडतो तिथे साडेपाच हजार किलोमीटरवर मैत्री कशी वाढली? उत्तर त्या पत्रांतच आहे. या दोघी एकमेकींना मोठमोठे विचार लिहीत बसल्या नाहीत. त्यांनी पत्रातच शेजार उभा केला. आज बाजारात काय मिळाले, त्याला काय भाव पडला, चुलीवर काय आहे, नवरा कशावरून कुरकुरतो आहे, पाऊस आहे की ऊन, हे त्या लिहीत राहिल्या. राजकारणावरही त्या भरपूर लिहीत. पण पुन्हा सुरी आणि कढईकडे येत.

आधी त्या सुरीचेच पाहू, कारण एवढे रामायण तिच्यामुळे झाले.

पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. सुरीच्या साध्या पोलादात कार्बनचे प्रमाण शेकडा अर्ध्यापासून एकाच्या आसपास असते. पण या चिमूटभर कार्बनची करामत मोठी. लोखंडाचे अणू स्फटिकात ओळीने मांडलेले असतात. धातूवर जोर दिला की या ओळी एकमेकींवरून घसरतात, म्हणून शुद्ध लोखंड मऊ असते आणि सहज वाकते. पोलाद लालबुंद तापवले की कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंमध्ये विरघळतात. मग ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो मध्येच अडकून बसतो आणि त्या ओळी घसरू देत नाही. पोलाद कठीण होते. गावातला लोहार कोयत्याला किंवा विळ्याला ‘पाणी पाजतो’ म्हणजे हेच करतो. नंतर ते पाते पुन्हा थोडेसे तापवावे लागते, नाही तर काचेसारखे तडकते.

असे पाते उत्तम धार घेते. दगडावर चार वेळा घासले की पुन्हा नवे. पण ते गंजते, आणि आंबट पदार्थाला लागले की काळे पडते. यावर तोडगा निघाला तो १९१३ साली. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठी झिजणार नाही असे पोलाद शोधत होते. त्यांनी पोलादात शेकडा सुमारे १३ क्रोमियम मिसळले आणि त्यांना आढळले की हे पोलाद गंजतच नाही. कारण असे, की क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, पारदर्शक थर तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवा आणि पाणी आत जाऊ देत नाही. ओरखडा पडला तरी उघड्या झालेल्या जागी तो आपोआप पुन्हा तयार होतो. ब्रिअर्लींना लगेच सुचले, की याच्या जेवणाच्या सुऱ्या कराव्यात.

पण त्या सुऱ्या कापीनात! लोक त्यांना थट्टेने ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक’ म्हणू लागले. अडचण दुहेरी होती. क्रोमियमला कार्बनची फार ओढ. तो कार्बनला पकडून त्याच्याशी संयुगे करतो, आणि मग कठीणपणासाठी लोखंडात अडकून राहायला कार्बन कमी उरतो. कार्बन वाढवावा, तर क्रोमियम त्यात गुंतून पडतो आणि गंजरोधकपणा कमी होतो. शिवाय अशा पोलादाला पाणी पाजायचे तर तापमान जास्त लागते आणि ते नेमके सांभाळावे लागते. स्वस्त माल काढणारे कारखानदार एवढी काळजी घेत नसत. क्रोमियमची ती संयुगे फार कठीण असल्याने घरातल्या साध्या दगडावर अशा सुरीला धार लावणेही जिकिरीचे होई. एव्हिसबाईंचा वैताग खरा होता, तो असा. आज मिश्रधातूंचे आणि उष्णतेच्या प्रक्रियेचे ज्ञान पुष्कळ वाढले आहे, आणि चांगल्या स्टेनलेस सुऱ्या उत्तम धार धरतात. ज्यूलियाबाईंची १९५२ सालची तक्रार आज जशीच्या तशी मांडता येणार नाही.

जाता जाता एक गंमत. घरात लोखंडी विळी असेल तर तिच्यावर आवळा किंवा केळफूल चिरताना काय होते ते पाहा. विळी काळी, फोडी काळ्या, बोटेही काळी. आवळ्यातली टॅनिन नावाची तुरट द्रव्ये लोखंडाशी संयोग पावून काळानिळा पदार्थ तयार करतात. हाच पदार्थ पूर्वी मुद्दाम करीत. हिरडा किंवा माजूफळ यांचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचे सल्फेट, एकत्र केले की काळी शाई होते. युरोपात शेकडो वर्षे लोकांनी अशाच शाईने पत्रे लिहिली. जी रासायनिक क्रिया विळी खराब करते तीच पत्र लिहायला उपयोगी पडते! आपल्या या दोन मैत्रिणी मात्र टाइपरायटरवर लिहीत, मध्ये कार्बनपेपर घालून, म्हणजे आपण काय लिहिले त्याची नक्कल जवळ राही. ही सवय पुढे फार कामाला आली.

आता ज्यूलियाबाई कोण, ते सांगायला हवे. त्यांचा जन्म १९१२ सालच्या १५ ऑगस्टला कॅलिफोर्नियात झाला. उंची चांगली सहा फूट दोन इंच. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात कामाला होत्या. तिथे शार्क माशांना दूर ठेवणारे औषध तयार करण्याच्या खटपटीतही त्यांचा हात होता. युद्धकाळात सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्यांची पॉल चाइल्ड यांच्याशी ओळख झाली. १९४६ साली लग्न झाले आणि १९४८ साली पॉल यांच्या सरकारी नोकरीमुळे ती दोघे पॅरिसला गेली. तोपर्यंत ज्यूलियाबाईंना स्वयंपाक फारसा येत नव्हता! सदतिसाव्या वर्षी त्यांनी पाकशाळेत नाव घातले. पुढे सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर अमेरिकन गृहिणींसाठी फ्रेंच स्वयंपाकाचे पुस्तक लिहायचे त्यांनी ठरवले.

आणि इथे एव्हिसबाईंची मैत्री केवळ गप्पांची राहिली नाही. १९५२ च्या अखेरीपासून ज्यूलियाबाई पुस्तकाचे हस्तलिखित थोडे थोडे करून त्यांच्याकडे पाठवू लागल्या. कोणाला दाखवू नका, अशी ताकीद देऊन. एव्हिसबाई त्यातले पदार्थ अमेरिकेत, अमेरिकन बाजारातला माल आणून, अमेरिकन चुलीवर करून पाहत आणि बिनचूक काय झाले ते कळवीत. प्रयोगशाळेत एखाद्याला काही आढळले, तर दुसऱ्या प्रयोगशाळेत दुसऱ्याने तोच प्रयोग केल्यावर तेच आढळले पाहिजे, हा विज्ञानाचा दंडक तुम्हांला माहीत आहे. एव्हिसबाईंचे स्वयंपाकघर ही ती दुसरी प्रयोगशाळा होती. आणि पदार्थ पुष्कळदा तसा होत नसे.

का होत नसे? पहिले कारण मापाचे. फ्रेंच लोक पीठ तराजूवर ग्रॅममध्ये तोलतात, अमेरिकन लोक पेल्याने मोजतात. एक पेला पाणी कोणीही भरले तरी तेवढेच भरते. पिठाचे तसे नाही. हलक्या हाताने भुरभुरवलेले पीठ पेल्यात सुमारे ११५ ते १२० ग्रॅम बसते. तोच पेला डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा जास्त! घरात ताजवा असेल तर हे स्वतः करून पाहा; घरातल्या तिघांना तीच वाटी भरायला सांगा. ज्यूलियाबाईंनी शेवटी पुस्तकात नियमच घालून दिला: पीठ थेट पेल्यात चाळायचे आणि वरचे सुरीच्या पाठीने सारखे करून काढून टाकायचे.

दुसरे कारण पिठाचेच. गव्हात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी घालून पीठ मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लूटेन नावाचे चिवट, लवचीक जाळे तयार होते. कणकेचा एक गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल, ते पिष्ट. हातात राहील तो रबरासारखा ताणला जाणारा गोळा म्हणजे ग्लूटेन. फ्रान्समधले साधे पीठ मऊ गव्हाचे असते आणि त्यात प्रथिने कमी. अमेरिकेतल्या सर्वसाधारण मैद्यात ती जास्त. म्हणून फ्रेंच कृतीने, नुसते लोणी घालून केलेले खुसखुशीत कवच अमेरिकन पिठात खुसखुशीत होईना. ज्यूलियाबाईंनी तोडगा काढला, की तीन भाग लोण्याला एक भाग वनस्पती तुपासारखी घट्ट चरबी घालायची. चरबी पिठाच्या कणांना वेढते, पाणी त्यांच्यापर्यंत नीट पोचू देत नाही, आणि मग ग्लूटेनचे जाळे तुटक राहते. आपण चिरोट्याच्या पिठात मोहन घालतो ते याचसाठी.

परदेशी गेलेल्या मराठी माणसांना हा अनुभव नवा नाही. आईच्या हातची पोळी तिकडच्या पिठात जमत नाही, अशी तक्रार कित्येक घरांत येणाऱ्या पत्रांतून झाली असेल. आपल्याकडे जात्यावर किंवा चक्कीत दगडांमध्ये गहू दळतात. त्यात पिष्टाचे पुष्कळ कण फुटतात आणि फुटलेले कण पाणी जास्त पितात. म्हणून चक्कीची कणीक मऊ भिजते. लोखंडी रुळांच्या गिरणीतल्या पिठाला तेवढेच पाणी घातले, तर हिशोब चुकणारच. इथे हाताचा दोष नाही.

लोण्याची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. फ्रान्समध्ये लोणी पुष्कळदा आंबवलेल्या सायीचे काढतात, अमेरिकेत बहुतेक ताज्या सायीचे. साय आंबवणारे सूक्ष्मजंतू डायअॅसिटिल नावाचे एक सुवासिक द्रव्य तयार करतात. विरजण लावून, ताक घुसळून काढलेल्या आपल्या लोण्याला जो वास येतो त्यात त्याचाही वाटा असतो. या बाबतीत फ्रेंच बाई आणि आपली आजी एका पंक्तीत बसतात!

पण मला सर्वांत आवडते ती मेयॉनेझची हकिकत. अंड्याचा बलक घोटत त्यात थेंब थेंब तेल घातले की लोण्यासारखे घट्ट मेयॉनेझ तयार होते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे तुम्ही शिकला आहात. मग हे कसे होते? बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला. घोटल्याने तेलाचे बारीक बारीक थेंब होतात, प्रत्येक थेंबाभोवती हे रेणू पहारा देतात आणि थेंब पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. अशा मिश्रणाला पायस म्हणतात. दूध हेही पायसच.

ज्यूलियाबाईंना मेयॉनेझ नेहमी छान जमत असे. पण एका हिवाळ्यात ते एकाएकी फुटू लागले. कृती तीच, हात तोच, तरी तेल वेगळे आणि बलक वेगळा! दुसऱ्या कोणी म्हटले असते, आज काही जमत नाही, जाऊ द्या. ज्यूलियाबाईंनी एकेक गोष्ट बदलून मेयॉनेझ करायला सुरुवात केली. घरचे लोक ते खाऊन खाऊन कंटाळले. शेवटी उलगडा झाला तो थंडीचा. गार भांडे, गार अंडे, गार तेल. गार तेल दाट होते, त्याचे बारीक थेंब होत नाहीत. भांडे कोमट पाण्याने शेकून घेतले की सारे सुरळीत. एका बलकात जास्तीत जास्त किती तेल मावते, तेही त्यांनी ठरवले: पाऊण अमेरिकन पेला, म्हणजे सुमारे १७७ मिलिलिटर. पहारेकरी मोजकेच, थेंब फार झाले तर त्यांना वेढायला रेणू पुरत नाहीत. यातले महत्त्वाचे काय, तर ही आकडेवारी आधी कोणी आईच्या मागे उभे राहून शिकणाऱ्या मुलीला सांगितलीच नव्हती. तिथे गरजही नव्हती. आई हात धरून दाखवी. समुद्रापलीकडच्या मैत्रिणीला कृती पाठवायची, तर ‘अंदाजाने’ हा शब्द चालत नाही.

एव्हिसबाईही नुसते ‘छान’ म्हणून थांबणाऱ्या नव्हत्या. त्यांना प्रकाशनाच्या धंद्यातली माहिती होती. अमेरिकन बाईला काय समजणार नाही, कोणती वस्तू बाजारात मिळत नाही, हे त्या स्पष्ट लिहीत. फ्रान्समध्ये पदोपदी लागणारा शॅलट नावाचा लहान कांदा अमेरिकेत सहज मिळत नव्हता. पुस्तकात जागोजाग त्याच्याऐवजी कांद्याची पात चालेल असे लिहिलेले आहे.

आयर्विन ऑल्टमन आणि डाल्मस टेलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मैत्री कशी वाढते याची एक उपपत्ती मांडली. माणूस कांद्यासारखा असतो. ओळख वाढते तसा एकेक पापुद्रा उलगडत जातो. एकाने स्वतःबद्दल थोडे सांगितले की दुसरा तेवढेच सांगतो, मग पहिला आणखी थोडे. एकदम गाभ्याला हात घातला तर माणूस बिचकतो. या दोघींचा वरचा पापुद्रा सुरीचा होता. त्या खालचा स्वयंपाकाचा, मग फोटोंची देवाणघेवाण, मग घर, पैसा, मतभेद, काळज्या. सुरीवर दोन पाने लिहू शकणाऱ्या माणसाशी इतर गोष्टींवरही बोलता येईल, असा विश्वास वाटणे स्वाभाविक होते. आणि पत्राला वेळ लागतो, हा मला दोष वाटत नाही. उत्तर येईपर्यंत माणूस विचार करतो, प्रयोग दुसऱ्यांदा करून पाहतो. आज भ्रमणध्वनीवर निरोप क्षणात पोचतो. सोय मोठी आहे, पण दोन निरोपांमध्ये मेयॉनेझ करून पाहायला वेळ राहत नाही, एवढे खरे.

दोघींची प्रत्यक्ष भेट झाली ती १९५४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पहिल्या पत्रानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. तोपर्यंत त्या जवळच्या मैत्रिणी झालेल्याच होत्या. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या नोव्हेंबरात, बर्नार्ड वारले. ज्यांच्या तक्रारीने हे सगळे सुरू झाले त्यांना पुस्तक पाहायला मिळाले नाही. एव्हिसबाईंना मुलगे होते, संसार चालवायचा होता. तरी पुस्तकाचे काम त्यांनी सोडले नाही. ज्यूलियाबाईंच्या मागे बदल्यांचे शुक्लकाष्ठ होते: पॅरिसहून मार्सेय, तिथून जर्मनी, मग वॉशिंग्टन, मग नॉर्वे. दर ठिकाणी नवे स्वयंपाकघर, नवी भट्टी, नवा बाजार. सिमोनबाई फ्रान्समध्येच, त्यामुळे पुस्तक लिहिणाऱ्यांनाही टपालावर भिस्त ठेवावी लागली. कार्बनपेपरच्या त्या नकला नसत्या तर गोंधळच उडाला असता.

आणि मग १९५९ साली, सात-आठ वर्षांच्या कष्टानंतर, बोस्टनच्या ज्या प्रकाशन संस्थेशी करार झाला होता तिने पुस्तक नाकारले. फार मोठे आहे, आमच्या बायकांना एवढे कोण वाचत बसणार, असा साधारण सूर. ज्यूलियाबाई तेव्हा नॉर्वेत होत्या. सगळे पाण्यात गेले असे वाटण्याची ती वेळ. एव्हिसबाईंनी मात्र हस्तलिखित थेट न्यूयॉर्कच्या क्नॉफ या संस्थेतल्या आपल्या ओळखीच्या गृहस्थांकडे पाठवले. तिथे ज्युडिथ जोन्स या तरुण संपादिकेच्या हाती ते पडले. त्यांनी ते वाचले तर खरेच, पण घरी नेऊन त्यातले पदार्थ करून पाहिले, आणि ते झाले! १९६१ च्या ऑक्टोबरात ‘मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॉल निवृत्त झाले आणि चाइल्ड दांपत्य राहायला आले ते केंब्रिज गावीच, एव्हिसबाईंच्या शेजारात. फेस्टिंजर यांच्या नियमाच्या अगदी उलट्या क्रमाने: आधी मैत्री, मग शेजार.

प्रयोगांची खोड काही सुटली नाही. १९७० साली पुस्तकाचा दुसरा खंड निघाला. त्यात घरच्या भट्टीत फ्रेंच पाव कसा करावा, हे सांगण्यासाठी चाइल्ड पतिपत्नींनी २८४ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो पीठ वापरून पाव भाजून पाहिले! पॅरिसचे पावशास्त्राचे प्राध्यापक रेमाँ काल्व्हेल यांच्याकडून धडे घेतले. भाजताना सुरुवातीला वाफ हवी, म्हणजे वरचा पापुद्रा लवकर वाळत नाही, पाव मोकळेपणी फुगतो आणि नंतर कुरकुरीत होतो, हे कळल्यावर घरी वाफ कशी आणायची? वीट तापवून पाण्याच्या तसराळ्यात टाकायची!

एव्हिसबाई १९८९ साली वारल्या, ज्यूलियाबाई २००४ साली. त्यांची पत्रे केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयात जपून ठेवली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी २०१० साली पुस्तकरूपाने आली. ज्यूलियाबाईंचे आख्खे स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभे केलेले आहे. त्यात भिंतीवर चुंबकाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांना सुऱ्या चिकटवलेल्या आहेत.

या पट्ट्यांवरून तुमच्यासाठी एक प्रयोग सुचतो. घरातले एखादे लोहचुंबक घ्या आणि ते स्टीलच्या ताटाला, पेल्याला, डब्याला आणि मग स्टीलच्या सुरीला लावून पाहा. बहुतेक सुऱ्यांना ते चटकन चिकटेल, पण चांगल्या प्रतीच्या ताट-पेल्यांना चिकटणार नाही, किंवा अगदी किंचित ओढल्यासारखे वाटेल. दोन्ही स्टेनलेसच! चांगल्या भांड्यांच्या पोलादात क्रोमियमबरोबर निकेलही असते. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी निराळी राहते. ती चुंबकाला दाद देत नाही आणि पाणी पाजूनही कठीण होत नाही. म्हणून अशा पोलादाचा डबा उत्तम होतो, पण सुरी होत नाही. घरातल्या कोणत्या वस्तूला चुंबक चिकटले आणि कोणत्या नाही, याची यादी करा. मग दुसऱ्या गावी राहणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा मावसबहिणीला पत्राने ती पाठवा, आणि तिच्या घरची यादी मागवून घ्या.